पांढरा वाघ आणि आमचा मोहन बोकड

पांढरा वाघ आपणापैकी किती जणांनी पाहिला आहे? मराठवाड्यातल्या पुष्कळ मंडळींनी तो छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पाहिला असेल. दिवाळीच्या सुटीत मुलांना घेऊन गेलात, खाऊच्या गाड्यावर भेळ खाल्ली, वाघ पाहिला आणि एस.टी. गाठली, असे झाले असेल. मी पांढरा वाघ पहिल्यांदा पाहिला तो १९८० सालच्या जानेवारीत, दिल्लीला, वयाच्या अकराव्या वर्षी, वडिलांच्या धोतराचा सोगा धरून. त्या वाघापायी पुढे आमच्या घरच्या शेळ्यांचे खांड बसायची वेळ आली. ती हकिगत आज सांगणार आहे. शेळ्या आपल्या सर्वांच्याच दारात आहेत, म्हणून ती आपल्याही उपयोगाची आहे.

आमचे गाव त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातले. आमच्या भागातल्या एका सहकारी संस्थेने शेतकऱ्यांची सहल दिल्लीला नेली होती. बारा वर्षांच्या आतल्या मुलाला अर्धे तिकीट, म्हणून माझी वर्णी लागली. आईने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली आणि सोलापूरहून आम्ही आगगाडीत बसलो. पुसाच्या संशोधन संस्थेत गव्हाचे वाफे दाखवले. मोठी माणसे वाकून वाकून फुटवे मोजत होती. मला त्यातले फक्त थंडीने दात वाजत होते एवढेच आठवते.

शेवटच्या दिवशी प्राणिसंग्रहालय. पुराण्या किल्ल्याला लागूनच ते १९५९ साली उघडले गेले. मी तोवर वाघ पाहिला होता तो सर्कशीच्या जाहिरातीवर. इथे गज नव्हते. मध्ये खोल खंदक, पलीकडे मोकळी जागा, आणि त्या जागेत एक पांढरे जनावर उन्हात पडलेले. अंगावर धुरकट काळे पट्टे, नाक गुलाबी, डोळे निळसर. गर्दी इतकी की माझा चेहरा कठड्यावर दाबला गेला. वाघ उठला, आळस देऊन दोन पावले चालला आणि पुन्हा बसला. एवढेच. पण मी श्वास घ्यायचा विसरलो होतो.

वडिलांची शाळा निजामाच्या राजवटीतली, चार इयत्ता उर्दूतून झालेल्या. त्यामुळे तिथल्या एका रखवालदाराशी त्यांचे लगेच जमले. त्याला त्यांनी तंबाखू दिली आणि वाघाची कुळी विचारून घेतली. जनावर दिसले की त्याची कुळी विचारायची, ही शेतकऱ्याची सवय दिल्लीतही सुटत नाही. रखवालदाराने सांगितलेली गोष्ट पुढे मी पुस्तकांतून ताडून पाहिली. ती बहुतेक खरी होती.

१९५१ साली रीवा संस्थानच्या जंगलात महाराज मार्तंड सिंह यांना शिकारीत पांढरा बच्चा सापडला. त्याचे नाव ठेवले मोहन. गोविंदगढच्या वाड्यात तो वाढला. वयात आल्यावर त्याला बेगम नावाची नेहमीच्या रंगाची वाघीण दाखवली. तिला तीन वेतांत दहा पिल्ले झाली, पण सगळी पिवळी! मग महाराजांनी मोहनला त्याचीच मुलगी राधा दाखवली. १९५८ साली राधाला चार पिल्ले झाली आणि चारही पांढरी निघाली. त्यांतली मोहिनी १९६० साली अमेरिकेत वॉशिंग्टनला गेली. राजा आणि राणी हे सख्खे भाऊ-बहीण दिल्लीला आले आणि त्यांचीच पुढे जोडी लावली गेली. आम्ही पाहिलेला वाघ त्याच घराण्यातला.

वडिलांनी हे सगळे मान डोलावत ऐकले. त्यांच्या मनात काय शिजत होते हे मला तेव्हा कळले नाही.

गर्दीतून बाहेर पडून आम्ही दशम्या सोडल्या त्या हरणांच्या कुंपणापाशी. तिथे एक तपकिरी रंगाचे, लांब वाकड्या शिंगांचे हरीण होते. त्याच्याकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते. पाटीवर मणिपूरचे नाव होते. वडील मात्र हातातला घास तसाच धरून त्याच्या पायांकडे पाहत राहिले. म्हणाले, “लेका, हे जनावर चिखलातलं हाय. खुराच्या टोकावर न्हाई चालत. खुराच्या मागचा भाग टेकवतंय बघ. रुतू नये म्हणून.” मला कंटाळा आला होता. मला परत वाघाकडे जायचे होते.

करड आले पांढरे

पुढच्या साली, म्हणजे १९८१ मध्ये, आमच्या एका काळ्या शेळीला पांढरेशुभ्र करड झाले. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळीच असते, हे आपण जाणता. गावात पांढरे करड नवलाचेच. शेळी चरायला गेली असताना कोणाचा बोकड लागला होता कोण जाणे. करड पाट होते की बोकड, एवढेच आईने पाहिले. बोकड आहे म्हटल्यावर ती म्हणाली, चार महिन्यांनी बाजार दाखवू.

त्याचे नाव मोहन ठेवायचे हे मी सुचवले. वडील खूश झाले आणि मोहन विकायचा नाही असे ठरले. पुढच्या वर्षापासून तो आमच्या खांडाचा पैदाशीचा बोकड झाला. दिल्लीच्या वाघासारखी इथे वाट पाहावी लागली नाही. शेळीतला पांढरा रंग बहुधा वरचढ असतो, त्यामुळे पहिल्याच वेताला निम्मी करडे पांढरी आली. बकरी ईदच्या आधी दोन पांढरे बोकड बाजारात नेले, त्यांना चांगला भाव मिळाला. झाले! आता सगळे खांडच पांढरे करायचे, असे वडिलांनी मनावर घेतले. काळ्या पाठी विकल्या आणि पांढऱ्या ठेवल्या. आणि त्या पांढऱ्या पाठींना, म्हणजे मोहनच्या लेकींना, मोहनच लावला. कोणी विचारले तर ते ऐटीत सांगत, “रीवाच्या राजानं असंच केलं. दिल्लीत बघून आलोय मी.”

आमच्याकडे त्या वेळी कोरडवाहू नऊ एकर होते. ज्वारी घरात खायला पुरायची. हातात रोख पैसा यायचा तो शेळ्यांचाच आणि तो आईच्या हातात यायचा. माझ्या शाळेची फी, बहिणीच्या लग्नाचा बस्ता, वडिलांच्या पायाचे दुखणे, सगळे शेळ्यांवर निघत असे. आई शिकलेली नव्हती. गोठ्याच्या भिंतीवर ती कोळशाने रेघा मारीत असे. एक शेळी व्याली की एक रेघ, जुळे झाले की जोडरेघ, करड मेले की फुली. दिवाळीला भिंत सारवताना तेवढा तुकडा ती सोडून देई.

चौथ्या-पाचव्या वर्षी फुल्या वाढू लागल्या. करडे जन्मतःच हलकी, उभी राहायला वेळ लावणारी. एकाचा खालचा जबडा आखूड, त्याला सड धरता येईना. आई बोटाने दूध पाजायची. जुळी कमी झाली. दोन पाठी कितीदा दाखवल्या तरी गाभण राहिल्या नाहीत. वडील म्हणाले, पांढऱ्या खांडाला दृष्ट लागली. लिंबू-मिरची बांधून झाली, देवाला नारळ झाला. पाऊसही त्या सालांत ओढ देत होता, त्यामुळे चाऱ्यालाही दोष देता येत होता. मोहन मात्र धष्टपुष्ट. त्याच्याकडे बोट कोण दाखवणार?

वर्गात बसून मला घाम फुटला

१९८६ साली मी परभणीच्या कृषी महाविद्यालयात गेलो. दुसऱ्या वर्षी आनुवंशिकतेचा विषय होता. एके दिवशी प्राध्यापकांनी निकट संबंधातील पैदास शिकवायला घेतली. ते सांगत होते ते थोडक्यात असे.

प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या जनावराच्या अंगात असतात, एक बापाकडची, एक आईकडची. काही चिठ्ठ्या खराब असतात. पण दुसरी चिठ्ठी चांगली असली की खराब चिठ्ठी दबून राहते, बाहेर काही दिसत नाही. अशा दबलेल्या चिठ्ठ्या तुमच्या-माझ्या अंगातही आहेत. बाप आणि लेक यांची जोडी लावली, की बापाकडची तीच खराब चिठ्ठी लेकीकडूनही येऊ शकते. दोन्ही चिठ्ठ्या खराब पडल्या की दोष उघडा होतो. बाप-लेकीच्या संततीत रुपयातले चार आणे चिठ्ठ्या अशा एकाच मुळाच्या जुळतात. बाप-लेकीपासून झालेल्या सख्ख्या भावा-बहिणीची पुन्हा जोडी लावली, तर तो आकडा सहा आण्यांवर जातो.

चार आणे म्हणजे आमचा मोहन. सहा आणे म्हणजे दिल्लीचे राजा-राणी. प्राध्यापक फळ्यावर लिहीत होते आणि मला आमच्या गोठ्यातली एकेक शेळी दिसत होती.

इथे एक खुलासा करतो. वाघाचा पांढरा रंग म्हणजे वाघाची निराळी जात नव्हे, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना ठाऊक नाही. तो एका दबून राहणाऱ्या चिठ्ठीचा खेळ आहे. २०१३ साली चिनी शास्त्रज्ञांनी दाखवले की एकाच जनुकातल्या एका लहानशा बदलाने हा रंग येतो. त्यामुळेच बेगमची पिल्ले पिवळी झाली, पण पांढरी चिठ्ठी त्यांच्या अंगात दबून होती. पुष्कळ पांढरे वाघ तिरळे असतात, तेही डोळ्यांच्या नसांवर त्याच रंगदोषाचा परिणाम झाल्यामुळे. बाकीचे दोष आले ते घरातल्या घरात जोड्या लावल्यामुळे. रंग टिकवण्यासाठी माणसांनी हे पिढ्यान्‌पिढ्या केले, कारण पांढरा वाघ असला की तिकिटे खपतात.

त्या शनिवारी मी गावी गेलो आणि वडिलांना सांगितले, “दादा, मोहन बदलावा लागतो. बाप-लेकीची जोडी बरी नाही.” वडिलांनी चिलीम खाली ठेवली. म्हणाले, “दिल्लीत मोठमोठे डाक्टर होते. त्यांनी भाऊ-बहिणीची जोडी लावली. त्यांना न्हाई कळलं, आन तुला दोन वर्सांत कळलं व्हय?”

खरे सांगतो, मला उत्तर देता आले नाही. प्रश्न काही चुकीचा नव्हता.

उत्तर दिले आईने. ती मला हात धरून गोठ्यात घेऊन गेली आणि म्हणाली, “ह्या रेघा मोज आन कागदावर घे.” मी मोजल्या. मोहनच्या पहिल्या दोन वर्षांत २२ वेते, त्यांत १३ जुळी, फुल्या ३. शेवटच्या दोन वर्षांत २४ वेते, त्यांत ५ जुळी, फुल्या ११. म्हणजे आधी ३५ करडांतली ३२ जगली होती आणि आता २९ करडांतली १८. शेळ्या तेवढ्याच, चारा-पाणी तेच, आणि बाजारात न्यायला करडे जवळजवळ निम्मी. आईने कागद घेतला नाही. ती वडिलांना एवढेच म्हणाली, “पोराची फी ह्याच भिंतीवर हाय.”

पुढच्या बाजारच्या दिवशी माझ्या चुलत्यांनी मोहनला दोन कोसांवरच्या एका गावी नेले आणि तिथल्या खांडातला एक काळा तरणा बोकड बदली आणला. त्या रात्री वडील जेवले नाहीत. तांब्याभर पाणी पिऊन बाजेवर पडले. नंतर कित्येक महिने ते त्या गावाला काही ना काही काम काढून जात आणि आल्यावर मोहनचे वर्तमान सांगत. तिथे त्याला चांगली करडे होत होती, जुळीही होत होती. होणारच, कारण तिथे त्याच्या लेकी नव्हत्या. मोहनमध्ये खोट नव्हती, खोट आमच्या जोडी लावण्यात होती. हे मी वडिलांना सांगितले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जो हलकेपणा आला तो मला अजून आठवतो. मोहनला नावे ठेवली गेली, हेच त्यांना लागले होते.

आमचे खांड सुधारायला तीन वर्षे गेली. नव्या बोकडाच्या पहिल्याच वेताला करडांचे वजन हाताला जाणवत होते.

गेली तीस वर्षे मी कृषी खात्यात विस्ताराचे काम करतो आहे. शेळ्या हे खाते तसे आमचे नव्हे, ते पशुसंवर्धनाचे. पण बांधावर गेलो की शेळीचे विचारल्याशिवाय मी उठत नाही. मुलीची सोयरीक करताना गोत्र, देवक, मामेकूळ सगळे पाहणारी माणसे बोकडाचे एकही कूळ पाहत नाहीत. तेव्हा एवढे करा. पंचवीस-तीस शेळ्यांमागे एक बोकड पुरतो, पण तो आपल्या खांडात जन्मलेला नको. दोन वर्षे झाली की बदला, त्याच्या लेकी वयात यायच्या आत. विकत घ्यायला पैसे नसतील तर लांबच्या गावच्या पाहुण्याशी अदलाबदल करा. तो आणि तुम्ही एकाच खांडातून बोकड आणलेला नाही ना, एवढे विचारून घ्या. नर करडे तीन-चार महिन्यांची झाली की वेगळी बांधा किंवा खच्ची करून घ्या. नाहीतर दिवसभर खांडात हिंडताना ती काय करतील याचा भरवसा नाही. आणि रेघा मारा. वही असली तर उत्तम, नसली तर भिंत आहे.

प्राणिसंग्रहालयांनाही शेवटी रेघाच माराव्या लागल्या. १९९२ साली केंद्रीय चिडियाघर प्राधिकरण स्थापन झाले. आता दुर्मिळ प्राण्यांच्या वंशावळीच्या नोंदवह्या ठेवल्या जातात. कोणत्या गावचा नर कोणत्या गावच्या मादीला दाखवायचा हे त्यांवरून ठरवता येते. नागपूरला महाराजबागेत गेलात तर आणखी एक गंमत ध्यानात ठेवा. तिथले प्राणिसंग्रहालय कृषी महाविद्यालयाकडे आहे. वाघ आणि कपाशी एकाच घरची!

मणिपूरचे हरीण

वडील २००९ साली गेले. २०२३ मध्ये एका प्रशिक्षणासाठी मी दिल्लीला गेलो होतो. एक दिवस मोकळा मिळाला. सोबत जिल्ह्यातले दोन तरुण कृषी सहायक होते. ते वाघाकडे गेले. तिथे गर्दी तशीच होती, फक्त प्रत्येकाच्या हातात मोबाइल. पोरे कठड्यावर चढत होती. २०१४ साली याच ठिकाणी एक तरुण पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडून प्राणाला मुकला. तेव्हा लेकरे घेऊन गेलात तर त्यांना कठड्यावर बसवू नका, एवढे सांगून ठेवतो. आणि दिल्लीचे प्राणिसंग्रहालय शुक्रवारी बंद असते.

मी हरणांकडे वळलो. त्या मणिपुरी हरणाला संगाई म्हणतात, हे मी पुढे वाचले होते. जंगलात ते साऱ्या जगात एकाच जागी राहते, मणिपूरच्या लोकटाक सरोवराच्या कडेला केइबुल लामजाओ येथे. तिथे जमीन नाही. पाण्यावर गवत, मुळ्या आणि कुजलेला पालापाचोळा यांचा जाड थर तरंगत असतो, त्याला फुमडी म्हणतात. त्यावर हे हरीण चरते. १९५१ साली ते नामशेष झाले असे समजले गेले होते, १९५३ साली थोडी जनावरे पुन्हा आढळली. १९७५ च्या मोजणीत उरली होती फक्त १४. म्हणजे वडील दशमीचा घास धरून पाहत होते, त्याच्या पाच वर्षे आधी. १९७७ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले, आणि २०१६ च्या गणतीत हा आकडा २६० वर गेला.

पण आता तिथे अडचण आहे ती धरणाची, आणि ती आपल्याला चटकन कळेल. पूर्वी उन्हाळ्यात सरोवराचे पाणी उतरत असे, फुमडी तळाला टेकत असे आणि तिच्या मुळ्या गाळातले खत ओढून घेत. पावसाळ्यात ती पुन्हा वर येई. १९८३ साली इथाईचा बंधारा झाला आणि पाणी बारमाही चढे राहिले. फुमडीला तळ लागेना, खत मिळेना, ती पातळ होत गेली. पातळ थरात हरणाचे पाय रुततात. पिंजऱ्यातली संगाई म्हणजे घरात राखून ठेवलेले बियाणे म्हणावे, तर तेही थोड्याच जनावरांपासून वाढवलेले. तिथेही जोड्या जपूनच लावाव्या लागतात.

दोघे तरुण वाघ पाहून आले तेव्हा मी कुंपणापाशी उभाच होतो. एकाने विचारले, “साहेब, यात काय पाहायचे?”

मी म्हणालो, “पाय बघा.”

एक मादी आमच्याकडे पाहत चार पावले चालली. खुरांच्या मागचा भाग जमिनीला टेकत होता. खाली दिल्लीची टणक, सुकी माती होती.